शत्रूच्या घरची चाकरी

वर्षभर या सदराला येणारी पत्रे मी एका पिशवीत साठवून ठेवते आणि फराळाचे डबे घासूनपुसून झाले की ती पिशवी पुढ्यात घेऊन बसते. यंदा निम्म्याशिम्म्या पत्रांत एकच प्रश्न निघाला. नागपूरच्या एका वडिलांची मुलगी नर्स आहे आणि तिच्या डोक्यात नोकरी सोडण्याचे वारे शिरले आहे. सांगलीच्या एका तरुणाला औषधांच्या दुकानातून बाहेर पडून 'काहीतरी निसर्गाचे' करायचे आहे. दादरच्या एका आजींनी तर आडपडदा न ठेवता विचारले आहे, "बाई, इस्पितळातली बरी नोकरी सोडून तुम्ही त्या कचऱ्यात का गेलात, आणि पगार किती कमी झाला?"

प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहायचे म्हटले तर पुढची दिवाळी उजाडेल. तेव्हा सर्वांना मिळून इथेच सांगते. आजींना पगाराचेही सांगेन, पण क्रमाने.

नव्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. एकवीस वर्षे मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. कोणाची थुंकी, कोणाचे रक्त, कोणाच्या जखमेतला पू यायचा. तो बशीत पेरायचा, रात्रभर ऊब द्यायची, सकाळी जो जंतू उगवेल त्याचे नावगाव शोधायचे आणि तो कोणत्या औषधाने मरेल ते डॉक्टरांना कळवायचे. थोडक्यात, जंतू हा शत्रू आणि मी त्याच्या मागावरची हेर. २०२२ साली मी ही नोकरी सोडली आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या एका लहानशा कंपनीत गेले. तिथे जंतूंना वेळेवर जेवायला घालायचे, त्यांचे पोट बिघडू द्यायचे नाही, थंडीत त्यांना ऊब द्यायची, हे माझे काम. म्हणजे काल ज्यांच्या जिवावर उठले होते त्यांच्याच घरी आज चाकरीला आहे.

याला हल्ली 'शाश्वत जैवतंत्रज्ञान' असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून घाबरू नये. जिवंत जंतूंकडून, बुरशीकडून, शेवाळाकडून उपयोगाची कामे करून घ्यायची, आणि तीही पुढच्या पिढीच्या ताटातले आज ओरबाडून न घेता, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या आज्या दह्याला विरजण लावीत आणि इडलीचे पीठ आंबवीत तेव्हा यातले पहिले पान त्यांनी गिरवलेलेच होते.

आता 'का गेलात' याविषयी. आम्ही चेंबूरचे. आमच्यापासून फार लांब नाही असे देवनारचे कचऱ्याचे मैदान १९२७ सालापासून मुंबईचा कचरा पोटात घेत आले आहे. मैदान म्हणायचे, आहेत ते डोंगर. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगरांना मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर हटेना, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या प्रयोगशाळेत थुंकीच्या डब्यांची रांग लागली. मी एकेक डबी तपासत होते आणि बऱ्याच जणांच्या थुंकीत रोगाचा जंतूच सापडेना. सापडणार कुठून? खोकल्याचे कारण थुंकीत नव्हते, डोंगरावर होते.

त्या डोंगराची आग अशी सहजी का विझत नाही, हे मी तेव्हा मुद्दाम वाचून काढले. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. भाजीची देठे, शिळा भात, सालपटे. तो थरांवर थर दाबला गेला की आत हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे जंतू त्याला कुजवतात आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हाच वायू जळतो, आतल्या आत धुमसत राहतो. न जळता वर गेला तरी सुटका नाही, कारण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. पण हाच वायू बंद टाकीत धरला तर त्यावर चहा होतो! एकच वायू, एकीकडे लेकरांना खोकवणारी आग आणि दुसरीकडे स्वयंपाकाची शेगडी. हा विचार जो डोक्यात शिरला तो जाईना.

दुसरे कारण प्रयोगशाळेतलेच. जंतूला कोणते औषध लागू पडते याच्या अहवालात 'एस' आणि 'आर' अशी दोन अक्षरे असतात. 'एस' म्हणजे औषध लागू; 'आर' म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा कागदावर 'एस'ची गर्दी असे. वर्षे गेली तसा 'आर' वाढत गेला, आणि पुढे असे कागद येऊ लागले की वरपासून खालपर्यंत 'आर', 'आर', 'आर'. असा कागद सही करून पाठवताना हात जड होतो. २००७ साली शास्त्रज्ञांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे औषधी कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्या केंद्राचे पाणी तपासले. एका लिटरमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे औषध ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. औषध माणसाच्या पोटात जाण्याऐवजी ओढ्यात गेले, तर तिथले जंतू त्याला सरावणार नाहीत तर काय होईल? मला कळून चुकले की माझी खुर्ची गटाराच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. थोडे वरच्या अंगाला जाऊन पाहावे असे वाटू लागले.

वाटू लागले म्हणून लगेच उठून गेले नाही, हे नागपूरच्या वडिलांनी मुलीला अवश्य सांगावे. तयारी करते आहे तोच २०२० साल उजाडले आणि करोना आला. त्या दोन वर्षांत प्रयोगशाळा सोडणे म्हणजे भर लग्नात आचाऱ्याने पळून जाणे. आम्ही सगळे थांबलो. दिवसरात्र घशातले नमुने तपासले. त्या काळात पुष्कळ सहकारी दमून म्हणत, "हे संपलं की नोकरी सोडणार." मीही दमले होते. पण केवळ दमले म्हणून जागा बदलू नये. दमणूक आपल्याबरोबर नव्या घरी येते आणि तिथे आधी पाय पसरते. म्हणून साथ ओसरल्यावर सहा महिने नीट झोपले, सुट्टीच्या दिवशी एका गॅसच्या टाकीवर जाऊन काम पाहिले, हाताने केले, आणि तरीही मन तिकडेच ओढत राहिले तेव्हा राजीनामा दिला.

घरी सभा भरली. आमचे 'हे' बँकेत. त्यांनी भाषण न करता वही काढली. डावीकडे घराचे हप्ते, मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण, सासूबाईंची औषधे. उजवीकडे नवा पगार. आजी, तो जुन्या पगारापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होता. 'ह्यां'नी दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, "काश्मीर दोन वर्षं पुढे ढकलू. गाडी आहे तीच राहील. पण एक अट. दोन वर्षांनी पुन्हा वही उघडायची." अट रास्त होती. मीही प्रयोगशाळेशी संबंध तोडले नाहीत. महिन्याकाठी एकदा जाऊन तिथले नवे काय ते बघत राहिले. परतीचा दरवाजा उघडा असला की माणूस पुढे अधिक धीटपणे चालतो.

सासूबाई मात्र गप्प होत्या. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "अगं, एवढं शिकून शेवटी शेणात हात घालायचा?" बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. चार बायकांत "सून इस्पितळात असते" म्हणताना त्यांना जे बरे वाटे ते जाणार होते. मी काही बोलले नाही. पण त्या मूळच्या कणकवलीकडच्या. थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धन होते. स्वतः संडास साफ करायचे. गावात लोक नाही नाही ते बोलायचे त्यांना." आणि मग बराच वेळ त्या ओटा पुसत राहिल्या. परवानगी मिळाली असे मी समजले.

नव्या जागी पहिले तीन महिने जुने ज्ञान विसरण्यात गेले. रुग्णालयात आम्ही एका जातीचा जंतू बाकीच्यांतून निवडून एकटा वाढवीत असू. दोन जाती मिसळल्या की नमुना बाद. इथे टाकीत सगळा गोतावळा! आणि एकट्याने कोणाचेच काम होत नाही. याची कल्पना येण्यासाठी जुन्या एकत्र कुटुंबाचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावे. पहिली जाऊ चिरते, म्हणजे पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ यांचे लहान तुकडे करते. दुसरी त्यांची निरनिराळी आम्ले करते. तिसरी त्या आम्लांचे आंबट व्हिनेगरसारखे आम्ल आणि हायड्रोजन करून ठेवते. आणि शेवटची बिचारी तव्यापाशी उभी राहून त्याचा मिथेन करते. ही शेवटची जात फार जुनी आणि फार सोवळी. तिला हवा चालत नाही, घाई चालत नाही. रुग्णालयातला नेहमीचा ई. कोलाय जंतू चांगले खायला मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. हिच्यातल्या कित्येकींना दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. आणि खरे पाहता ती जिवाणूच नव्हे. १९७७ साली कार्ल वोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले की हे जीव निराळ्याच कुळातले आहेत. त्या कुळाला 'आर्किया' म्हणतात.

एका गोष्टीने मात्र पहिल्याच दिवशी माहेर भेटल्यासारखे वाटले. टाकीवरचे मामा म्हणाले, "ताई, हिला पस्तीस ते सदतीस अंश लागतात." आमच्या प्रयोगशाळेतल्या जंतूंच्या कपाटाचे तापमान एकवीस वर्षे सदतीसच होते. माणसाच्या पोटाचेही तेच.

आणि पोटाचीच गोष्ट पुढे कामी आली. २०२३ च्या दिवाळीत उपनगरातल्या एका गृहसंकुलाच्या टाकीची देखभाल आमच्याकडे होती. रोजचा दोनशे किलो ओला कचरा ती निमूट खाई. भाऊबीजेला सगळ्या घरांतून उरलेली मिठाई बाहेर आली. बुंदीचे लाडू, पेढे, तुपातले शंकरपाळे. कोणीतरी सदिच्छेने ते सगळे एकदम टाकीत लोटले. दोन दिवसांनी तक्रार आली की गॅस तर येतो, पण शेगडी पेटत नाही. पेटेल कशी? साखर पाहून पहिल्या तिन्ही जावांचे हात झपाझप चालले, आम्लाचे ढीग पडले, आणि तव्यापाशी एकटी उभी असलेली शेवटची घाबरून बसली. गॅसमधला मिथेन उतरला आणि न जळणारा कार्बन डायऑक्साइड चढला. सुदृढ टाकीत मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो.

जुन्या सवयीने मी आधी 'रक्त' तपासायला घेतले. टाकीच्या पाण्यातले आम्ल आणि ते सोसण्याची तिची ताकद यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.४ च्या पुढे जाऊ लागले की सावध व्हावे. टाकीचा पीएच सातच्या आसपास असावा लागतो, पण तो शेवटी घसरतो. तोवर उशीर झालेला असतो. ताप चढण्याआधी रक्त बोलते हे रुग्णालयात शिकले होते, ते इथे जसेच्या तसे लागू पडले. उपचारही ओळखीचेच निघाले. खाणे बंद. थोडी थोडी चुन्याची निवळी. आणि दुसऱ्या एका सुदृढ टाकीतली स्लरी आणून विरजणासारखी घातली. घरी सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग हेच तर! वासरानं जास्त दूध पिऊन पोट बिघडवलं की आम्ही त्याला लंघन द्यायचो." आठ दिवसांनी पाव खुराकावर आणले, तीन आठवड्यांनी शेगडी निळी पेटली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी जंतू बरे केले.

हा उलटा प्रवास वाटेल, पण वाट जुनीच आहे. १८५६ साली फ्रान्समध्ये लील गावी बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या अशाच आंबट होऊ लागल्या. तो गावातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे गेला. प्राध्यापकाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्याचे नाव लुई पाश्चर. त्याच वाटेने चालत तो १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस टोचण्यापर्यंत पोचला. तो टाकीकडून रुग्णाकडे गेला, मी रुग्णाकडून टाकीकडे आले. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथले पेनिसिलिन टाक्यांत बुरशी वाढवूनच होई, आणि त्याच कारखान्याने पुढे पिकांवरची बुरशी मारणारे ऑरिओफंजिनही काढले. आणि आमच्या चेंबूरच्या शेजारी, माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात तर १८९७ च्या सुमारासच मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरत असत. औषध आणि टाकी यांच्यामधली भिंत आपणच मागाहून बांधली.

सांगलीच्या तरुणाने विचारले आहे, "यात भवितव्य आहे का?" जे दिसते ते सांगते. इंदूरला २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचा गॅस शहराच्या बसगाड्यांना देण्याची योजना झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'निसर्गऋण' नावाची पद्धत बसवली आहे. तिच्यात कचऱ्याला आधी गरम पाण्यात हवेवर मऊ करतात आणि मग बंद टाकीत सोडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञानाच्या कारखानदारीसाठी 'बायो-ई-३' हे धोरण मंजूर केले. दारे उघडत आहेत. मात्र घरगुती हिशेबही ठाऊक असू द्यावा. एक टन खाद्यकचऱ्यातून साधारण शंभर घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या तीन सिलिंडरांइतका. नुसत्या गॅसवर हे दुकान चालत नाही. कचरा उचलण्याचे पैसे वाचले आणि स्लरीचे खत विकले गेले तरच वही जुळते. हे गणित मला आले नव्हते, रात्री बसून शिकावे लागले. औषधनिर्माणाचे शिक्षण झालेल्याला नोंदी आणि गुणवत्तेची शिस्त ठाऊक असते, तिला इथे मोल आहे. गणिताची मात्र आधीच तयारी करावी.

आणि नर्स असलेल्या मुलीसाठी एक गोष्ट. रुग्णालयातल्या सगळ्या सवयींत मला सर्वांत उपयोगी पडली ती भीती. कोणत्या हाताने कशाला शिवायचे नाही, कोणती पिशवी पिवळी आणि कोणती लाल, हे आपल्या अंगात मुरलेले असते. टाकीतल्या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार वाढला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आपल्या देशात मैल्याच्या टाक्यांत उतरून किती गरीब माणसे गेली आहेत! आमच्या जागी मी पहिल्या आठवड्यात नियम घातला की काहीही पडो, कोणी आत उतरायचे नाही. मामा हसले होते. आता नव्या पोरांना तेच तो नियम आधी शिकवतात. अशी डोळ्यांत तेल घालून काळजी घेणारी माणसे या धंद्याला फार हवी आहेत, आणि ती रुग्णालयांतच तयार होतात.

गमावले काय, तेही सांगायला हवे. रात्री अकराला एखाद्या तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू सापडावा, आपण धावत फोन करावा, आणि आठवड्याने त्याच्या आईने पेढे आणून द्यावेत, ते सुख आता नाही. टाकी पेढे आणत नाही. पेढे घातले तर आजारी पडते. मी ज्याला खोकला होऊ दिला नाही तो माणूस मला कधी भेटणार नाही, कारण त्याला खोकला झालाच नाही. हे मनाला समजावणे पगाराच्या कपातीपेक्षा जड गेले. ज्याला समोरच्या रुग्णाचा चेहरा दिसल्याखेरीज चैन पडत नाही त्याने रुग्णालयातच राहावे. तिथेही चांगल्या माणसांची चणचण आहे, आणि तिथे राहणे हे काही कमी प्रतीचे नाही.

२०२४ साली ठरल्याप्रमाणे 'ह्यां'नी वही उघडली. पगार अजून जुन्याइतका झालेला नव्हता. पण मुलीच्या कॉलेजचा खर्च निघत होता, हप्ते थकले नव्हते. त्यांनी पान उलटले आणि वर फक्त तारीख घातली. नवी अट घातली नाही.

तेव्हा पत्रलेखकहो, ज्याचा त्याने विचार करावा. शिकलेले वाया जात नाही एवढे मात्र खात्रीने सांगते. ज्या डोळ्याने रोग ओळखला तोच डोळा टाकी ओळखतो. बाकी वही काढावी, घरच्यांना विचारावे, आधी हाताने काम करून पाहावे. आणि यंदा मिठाई उरली तर ती ताजी असतानाच शेजारीपाजारी, वॉचमनदादांना, कामवाल्या ताईंना वाटून टाकावी. टाकीच्या पोटाला ती सोसत नाही, आणि माझी भाऊबीज मला यंदा घरी करायची आहे.